आठवीतला भागाकार

आठवीच्या वर्गात ८१६ भागिले ४ घालून पाहा. तालुक्याच्या गावातल्या बऱ्याच शाळांत काही मुलं २४ उत्तर काढतील. आठात चार दोनदा. एकाला भाग जात नाही, म्हणून सहा खाली घेतले. सोळात चार चारदा. मधलं शून्य द्यायचं राहिलं. पाढे पाठ आहेत, हिशेबही सुबक मांडलाय; कच्चं राहिलंय ते दशकस्थान, आणि ते दुसरी-तिसरीतलं. या मुलांच्या पुस्तकात यंदा बहुपदींचा भागाकार आहे.

निकाल घसरला की संस्थाचालकांपासून पालकांपर्यंत सगळे आठवी-नववीच्या सरांना धरतात. ते सोयीचं आहे. गावाकडे पुष्कळ मुलं चौथीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत असतात आणि पाचवीला हायस्कुलात येतात. दाखला येतो, आधार क्रमांक येतो, ‘अ-२’ श्रेणी येते. पोराचं नेमकं कुठे अडतं, हे कुठल्याच कागदावर नसतं. दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेलं मूल तर उन्हाळ्याच्या तोंडावर परततं, तोवर गणिताचं अर्धं पुस्तक उरकलेलं असतं.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा आला आणि आठवीपर्यंत नापास करणं थांबलं. कल्पना वाईट नव्हती. त्याच कायद्याने सातत्यपूर्ण मूल्यमापनही मागितलं होतं. त्याचा जीव नोंदवह्या भरण्यात गेला. (वर्षाच्या आकारिक नोंदी एका बैठकीत भरणारे हात सगळ्यांनी पाहिलेत.) २०१९च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. नापास झालात तर निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षा, तीही गेली तर तोच वर्ग. ते दोन महिने बव्हंशी उन्हाळी सुट्टीचे. तेव्हा शिकवणार कोण?

‘असर’च्या २०२३च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १८ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं नाही. तेव्हा एका शाळेला बोल लावण्यात अर्थ नाही.

माझ्या मते पाचवीचा पहिला दीड महिना पुस्तक मिटून ठेवावं आणि प्रत्येकाचं अडलेलं शोधून तेवढंच शिकवावं. पोर्शनचं काय, हा प्रश्न लगेच येईल. दोन-तीन धडे गाळावे लागले तर गाळावेत, आणि कोणते ते वर्गावरच्या बाईंना ठरवू द्यावं.