सोंग आणि सचोटी

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. घरातली वडीलधारी माणसे ती रिकाम्या खिशाला उद्देशून म्हणत. माझ्या मनात मात्र गेले काही महिने तिचा एक निराळाच अर्थ घोळतो आहे, आणि त्याला निमित्त झाले आहे ते अमेरिकेतल्या एका लहानशा चर्चच्या कार्यालयाचे. मराठी शाळामास्तराचा त्या कार्यालयाशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध इतकाच, की माझा एक जुना विद्यार्थी, मूळचा वसईकडचा, नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झाला आहे आणि रविवारच्या मिस्सेनंतर तास-दोन तास त्या कार्यालयात विनामूल्य राबतो. तो मला अजूनही लांबलचक पत्रे लिहितो. कागदाऐवजी संगणकावरून लिहितो, एवढाच फरक. अशाच एका पत्रात त्याने विचारले, "सर, यंत्राशी खोटे बोलून देवाच्या घरचे काम करून घेतले, तर ते पाप होईल का?"

प्रश्न थट्टेचा वाटला, तरी थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. त्याची हकिगत अशी. चर्चचे कार्यालय म्हणजे नुसते प्रार्थनेचे वेळापत्रक लावण्याची जागा नव्हे. कोणत्या घरात किती माणसे, कोणाचा बाप्तिस्मा कधी झाला, कोणाचे लग्न लागले, कोणाला मूठमाती दिली, हे सारे तिथे नोंदलेले असते. रविवारी दानपात्रात पडणाऱ्या पाकिटांवर क्रमांक असतात आणि प्रत्येक क्रमांकाच्या खात्यावर रक्कम मांडावी लागते. जानेवारी उजाडला की ज्याला त्याला वर्षाचा गोषवारा धाडायचा. कारण अमेरिकेत २५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या देणगीवर करात सवलत हवी असेल, तर संस्थेची लेखी पावती लागते. या सगळ्या कामासाठी तिथे खास प्रोग्रॅम विकत मिळतात. या चर्चचा प्रोग्रॅम बराच जुना आणि केवळ विंडोजवर चालणारा.

आता घडले असे, की विंडोज दहाचा नियमित सांभाळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि कार्यालयातला संगणक विंडोज अकराच्या अटींत बसेना. नव्या यंत्राला पैसे नाहीत. विद्यार्थ्याने त्याच यंत्रावर फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली बसवली. यंत्र पुन्हा चालू लागले. पण चर्चचा प्रोग्रॅम उघडेना.

तो का उघडेना, हे समजावून घेताना मला आमच्या गावातल्या पाहुण्यांची आठवण झाली. प्रोग्रॅम हा एका परीने पाहुणाच. फाइल उघड, खिडकी मांड, कागदावर छाप, अशा हजार गोष्टी तो घरधन्याकडे मागतो. पण मागतो त्या विंडोजच्या घरात रूढ असलेल्या नावांनी. लिनक्सच्या घरात वस्तू साऱ्या आहेत, नावे निराळी. पाहुणा तांब्या मागतो आणि घरच्यांना तो शब्दच ठाऊक नाही, अशी गत. यावर उपाय दोन. एक म्हणजे घरातल्या घरात एक खोली वेगळी करून तिच्यात विंडोजचे अख्खे बिऱ्हाड थाटायचे. त्याला जागा लागते आणि विंडोजचा परवानाही लागतो. दुसरा उपाय म्हणजे मध्ये एक दुभाषा बसवायचा. अशा दुभाष्याचे नाव आहे 'वाइन'. १९९३ साली काही मंडळींनी हे काम आरंभले, आणि त्याची पहिली पक्की आवृत्ती निघायला २००८ साल उजाडले. चर्चच्या कामाला वाइनच उपयोगी पडावी, हा योगायोग पाहून तिथले फादरही पोट धरून हसले म्हणे.

हा दुभाषा पाहुण्याची मागणी ऐकतो आणि घरच्या भाषेत ती पुरी करतो. पण एवढ्यावर भागत नाही. पाहुणा मधूनच विचारतो, "हे घर विंडोजचेच ना? कितवी आवृत्ती?" दुभाषा बेधडक सांगतो, "होय, विंडोजचेच." माझ्या विद्यार्थ्याचे मन अडखळले ते इथे.

मी त्याला प्रथम दशावताराची गोष्ट लिहिली. कोकणात रात्रभर राजा होऊन दरबार गाजवणारा नट पहाटे रंग पुसतो आणि आपली पेटी डोक्यावर घेऊन पुढच्या गावची वाट धरतो. त्याला कोणी लबाड म्हणत नाही. कारण त्याने कोणाला फसवलेले नसते. खोटेपणाला फसणारा माणूस लागतो. प्रोग्रॅम फसला असे म्हणावे, तर तो कोणी माणूस नव्हे. शिवाय त्याचे जे नेमलेले काम, तेच त्याच्या हातून पार पडते. फसण्याची भीती आहे ती दात्याला. तेव्हा पारख घरधन्याच्या नावाची करू नये, पावतीवरच्या आकड्याची करावी. एक महिना तोच जमाखर्च दुसऱ्या विंडोजच्या यंत्रावर आणि या सोंगाड्या यंत्रावर असा दोन्हीकडे मांडावा, आणि सेंटपर्यंत बेरीज जुळली तर निर्धास्त व्हावे. सोंग वेषाचे असावे, हिशेबाचे असू नये. पैशाचे सोंग आणता येत नाही, या म्हणीचा हा नवा अर्थ मला त्या दिवशी सापडला.

वेष बदलून मजकूर तोच ठेवण्याचा खटाटोप आपल्या मराठीलाही नवा नाही, आणि त्यातला एक मोठा खटाटोप चर्चच्या आवारातच झालेला आहे. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. त्याने मराठी ओव्यांत क्रिस्तपुराण रचले आणि १६१६ साली ते रायतूर येथे छापले गेले, पण रोमन लिपीत; कारण मुद्रणालयात देवनागरीचे खिळे नव्हते. छापखाना एका लिपीचा, ग्रंथ दुसऱ्या भाषेचा. त्या काळची ही विसंगत यंत्रणाच म्हणायची. ओवीने परका वेष घातला आणि तरीही ती ओवीच राहिली. पुढची गोष्ट मात्र अधिक विचार करायला लावणारी आहे. त्या जुन्या छापील प्रतींपैकी एकही आज कोठे असल्याचे ठाऊक नाही. ग्रंथ टिकला तो श्रद्धाळू माणसांनी हाताने केलेल्या नकलांमुळे, आणि त्यांच्या आधारे १९०७ साली तो मंगळुरास पुन्हा छापला गेला.

हे लिहिता लिहिता माझे मलाच जाणवले, की विद्यार्थ्याचा प्रश्न खोटेपणाचा होता, पण खरा पेच दुसरीकडेच आहे. मी त्याला विचारले, "बाबा रे, ही सारी मांडणी तुझ्याखेरीज कोणाला कळते?" उत्तर आले, "कोणालाच नाही, सर. कार्यालय सांभाळणाऱ्या बाई सत्तरीच्या आहेत. त्यांना चित्रावर टिचकी मारायची एवढेच माहीत. आणि माझी बदली पुढच्या वर्षी होईलसे दिसते."

मला वाटते, नीतीचा प्रश्न आहे तो हा. हुशार माणूस फुकट काम करतो तेव्हा आपण त्याला परोपकारी म्हणतो. पण त्या कामाची किल्ली तो नकळत आपल्याच कनवटीला ठेवतो, आणि तो गेला की ज्यांच्यावर उपकार केले तेच कुलपाबाहेर उभे राहतात. विवाहाची नोंदवही प्रत्येक धर्मगुरूने ठेवावी, वर-वधू आणि साक्षीदार यांची नावे तिच्यात लिहावीत, असा दंडक ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली घातला. ती वही वाचायला डोळे आणि अक्षरओळख पुरे होती. आजची वही वाचायला प्रोग्रॅम लागतो, प्रोग्रॅमला प्रणाली लागते, प्रणालीला यंत्र लागते, आणि हे सारे जुळवायला एक तरुण लागतो. कार्यालयांतले कित्येक जुने प्रोग्रॅम ज्या फॉक्सप्रोवर उभारले गेले, त्याची अखेरची आवृत्ती २००४ सालची, आणि २०१५ साली त्याचा सांभाळही संपला. आपल्या पेशवे दफ्तरातल्या मोडी कागदांचे हजारो रुमाल पाहावेत. कागद शाबूत आहेत, शाई शाबूत आहे. वाचणारे मात्र बोटांवर मोजण्याइतके. लिहिणाऱ्यांनी तर त्या काळच्या सर्वांत सोयीच्या लिपीत लिहिले होते. त्यांचा दोष नाही. पण सोय ही फार अल्पायुषी वस्तू आहे, हे खरे.

कोणी म्हणेल, एवढा विचार कशाला? वर्गणी काढून नवे यंत्र घ्या, म्हणजे सोंगही नको आणि चिंताही नको. ज्यांना परवडते त्यांनी खुशाल घ्यावे. पण त्याने प्रश्न मिटत नाही, फक्त काही वर्षे पुढे ढकलला जातो; नवे यंत्रही एक दिवस जुने होणारच. दुसरा कोणी म्हणेल, स्वतंत्र प्रणाली हे तत्त्व आहे, त्यासाठी थोडी गैरसोय सोसावी. तत्त्व मलाही मान्य आहे. पण ते ज्याने पत्करले त्याने आधी स्वतः गैरसोय सोसावी. ती सत्तरीच्या बाईंच्या गळ्यात घालू नये.

तेव्हा मी विद्यार्थ्याला तीन कामे सांगितली. दर महिन्याला साऱ्या नोंदी साध्या मजकुराच्या फाइलीत काढून ठेवाव्यात. अशी फाइल कोणत्याही घरात उघडते. बाप्तिस्मा आणि विवाह यांची वही कागदावरही चालू ठेवावी. आणि यंत्राची सारी मांडणी सोप्या भाषेत पायरी-पायरीने लिहून त्या बाईंच्या हाती द्यावी, मग बाजूला बसून, यंत्राला हात न लावता, त्यांच्याकडून एक पावती काढून घ्यावी. पावती निघाली तर त्याचे काम धर्माचे झाले. न निघाली तर ते अजून कसबाचेच आहे.

दिवाळीत आपण वहीपूजन करतो. कोऱ्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढून तिच्यापुढे हात जोडतो. पुष्कळांना ती नुसती व्यापाऱ्यांची रीत वाटते. मला तिच्यात एक वचन दिसते: या पानांवर जे लिहीन ते खरे लिहीन, आणि माझ्यामागून येणाऱ्याला वाचता येईल असे लिहीन. वचनाचा पहिला अर्धा भाग आपण बहुधा ध्यानात ठेवतो. वही आता संगणकात गेली आहे, म्हणून यंदा हात जोडताना दुसऱ्या अर्ध्याची आठवण ठेवावी.