वाट सोडून थांबलेला



लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील शोमरोन्याचा दाखला आपल्याला इतका पाठ झाला आहे की त्याची धार आता आपल्याला लागत नाही. जखमी मनुष्याला पाहून शोमरोन्याचे जे झाले, त्यासाठी लूकने वापरलेले ग्रीक क्रियापद आतड्यांच्या शब्दावरून बनले आहे. आपण ‘कळवळा’ म्हणतो आणि ते योग्यच आहे; तरी आपल्या आयाबाया ‘आतडे तुटते’ म्हणतात ते मूळाच्या अधिक जवळचे, असे भाषांतर करताना मला पुष्कळदा वाटले आहे. आतडे तुटले की मनुष्याचे बेतही मोडतात.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मले. मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ते पुढील शिक्षणाची तयारी करीत होते. १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले, आणि १९३८ मध्ये राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टरांचे पथक चीनला पाठविले. त्यात हा २७ वर्षांचा तरुण स्वेच्छेने गेला. चीनमध्ये पोहोचून फार काळ लोटला नाही तोच सोलापुराहून वडिलांच्या निधनाची वार्ता आली. परत फिरायला मोकळीक होती. कोटणीस थांबले.

आधी बापाला पुरू दे, अशी विनंती करणाऱ्याला येशूने दिलेले उत्तर (लूक ९:५९-६०) मृदू करण्याची खटपट भाष्यकारांनी फार केली आहे. मला ते वचन आजही जड जाते. कोटणीसांनी ते मनात धरून निर्णय घेतला असे मी म्हणणार नाही. तो खोटेपणा होईल. पण त्या वचनाची किंमत कोणी मोजली तर ती कशी दिसते, हे मला या सोलापूरकराकडे पाहून कळते.

पुढे ते आठव्या रूट आर्मीत दाखल झाले आणि वुताई पर्वताच्या परिसरात जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करू लागले. औषधे अपुरी, रुग्णालय वरचेवर हलवावे लागे. तशातही ते चिनी भाषा शिकले, आणि दुभाष्यावाचून त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. येथे माझ्यासारखा भाषेचा धंदा करणारा जरा रेंगाळतो. तेल आणि द्राक्षारस ओतणे एक वेळ सोपे. परक्या मनुष्याला त्याच्या बोलीत ‘कुठे दुखते?’ असे विचारण्यासाठी मात्र आधी लहान मूल व्हावे लागते.

मी राहतो त्या बंगळूरच्या राजाजीनगरात कामगारांसाठी मोठे ई.एस.आय. रुग्णालय आहे. दूरच्या प्रांतातून पोटासाठी आलेल्या कामगाराला आपले दुखणे सांगायला कन्नड नसते आणि हिंदीही धड नसते. आपल्या मंडळ्या आजाऱ्यांच्या भेटीला जातात, पण बहुधा यादी घेऊन जातात, आणि यादीत आपल्याच सभासदांची नावे असतात. बाजूच्या खाटेवरचा मनुष्य आपली प्रार्थना ऐकत पडलेला असतो.

कोणी विचारील, ख्रिस्ती मासिकात हे नाव कशाला? कोटणीस ख्रिस्ती नव्हते. १९४२ मध्ये ते चिनी साम्यवादी पक्षाचे सभासद झाले. ज्या डॉ. नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते १९४१ मध्ये प्रमुख झाले, ते कॅनडाचे बेथून तर पाळकाचे पुत्र असून साम्यवादी होते. शस्त्रक्रियेत बोटाला झालेल्या जखमेतून विष भिनून ते १९३९ मध्ये चीनमध्येच वारले. ही अडचण खरी आहे, आणि ती मी झाकणार नाही. पण ती मुळात दाखल्याचीच अडचण आहे. याजक आणि लेवी आपले होते. थांबला तो शोमरोनी.

कोटणीसांनी क्वो चिंगलान या परिचारिकेशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिन्हुआ ठेवले, म्हणजे भारत आणि चीन. मूल चार महिन्यांचेही नव्हते तेव्हा, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी बापाचा अंत झाला. वय ३२.

येशूने शास्त्र्याला विचारले की तिघांपैकी शेजारी कोण ठरला, तेव्हा त्याने उत्तर बरोबर दिले. मात्र ‘शोमरोनी’ हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. दया करणारा, एवढेच तो म्हणाला. येशूनेही त्याला ते नाव उच्चारायला लावले नाही. त्याला त्याच वाटेने पाठवून दिले.