मध्य कुठे असतो?

मध्यममार्ग म्हणजे दोन टोकांची सरासरी, हा समज फार रुळला आहे. सर्किट बोर्डावर सुटे भाग सोल्डरने जोडणाऱ्या रिफ्लो ओव्हनचा तापमान-आलेख तो खोडून काढतो. शिसेविरहित एसएसी ३०५ सोल्डर २१७ अंशांना वितळू लागते. शिखर तापमान साधारण २३५ ते २५० अंशांत ठेवतात, द्रवावस्था जेमतेम मिनिटभर. उष्णता कमी पडली तर सांधा कच्चा राहतो. जास्त झाली तर तांबे-कथील संयुगाचा थर जाडावतो आणि सांधा ठिसूळ होतो. पण हा मध्य ओव्हनच्या पडद्यावर सापडत नाही. त्याच सेटिंगला हलका बोर्ड लवकर तापतो, जाड तांब्याचा मागे राहतो. म्हणून तापमान मोजणारे थर्मोकपल बोर्डावरच चिकटवावे लागते. सद्गुणाचा मध्य वस्तूत नसून आपल्या सापेक्ष असतो, हे ॲरिस्टॉटलचे म्हणणे मला इथे पटते.

मग ज्याचा त्याचा मध्य, म्हणजे नीतीत काहीही चालेल, असा आक्षेप येईल. तसे नाही. वितळणबिंदू कुणासाठीही खाली येत नाही. बदलते ती तिथवरची वाट. एकाच बोर्डावर अवजड कनेक्टर आणि इवलासा रेझिस्टर असतो. मागे पडलेल्याला गाठता यावे म्हणून १५० ते २०० अंशांदरम्यान चढण मंद करतात, आणि ही मंद चढण मला न्यायाच्या फार जवळची वाटते.