मूत्रपिंडं लहान असलेल्या मुलासाठी

पाठ ताठ करून बसा. दोन्ही हात मागे नेऊन शेवटच्या बरगड्यांवर, कण्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा. तळव्यांची ऊब पाठीला लागू द्या. या हाडांच्या आडोशाला तुमची मूत्रपिंडं आहेत. मोठ्या माणसात एकेकाची लांबी साधारण १० ते १२ सेंटीमीटर, वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. श्वास आत घेतला की ती किंचित खाली सरकतात, सोडला की वर येतात. दोन-चार श्वास एवढंच ध्यानात घ्या.

आता मनात एक मूल आणा. त्याची ही जोडी जन्मापासूनच लहान आहे. सोनोग्राफीत दिसतो तो आकार, खरी उणीव आत आहे. नेफ्रॉन नावाच्या सूक्ष्म गाळण्या एका मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या घरात असतात, या मुलाकडे त्या फार थोड्या आहेत. गर्भाच्या पाचव्या आठवड्याच्या सुमारास एक कोंब फुटतो, त्याला फाटे येत जातात आणि फाट्यांच्या टोकांशी गाळण्या घडतात. छत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास हे काम संपतं. त्यानंतर आयुष्यभर एकही नवी गाळणी तयार होत नाही.

इथे जरा थांबा. हे कठोर वाटेल, पण नीट ऐका. किडनी वाढवणारं चूर्ण, काढा, मात्रा यांच्यामागे धावायची गरज उरली नाही. नाहीत त्या गाळण्या सोडून द्या. आहेत त्यांच्याकडे लक्ष वळवा.

त्या काय करतात? स्वतः मोठ्या होतात आणि जास्त रक्त गाळतात. वीस माणसांची कापणी आठ जणांनी उरकावी, तसं. वर्षानुवर्षं निभतंही. पण वाढलेल्या दाबाने त्यांतल्या काही निबर होतात आणि उरलेल्यांवर आणखी भार येतो. जन्मतः गाळण्या कमी असणं आणि पुढे रक्तदाब वाढणं यांचा संबंध बॅरी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडला.

आता त्या मुलाची रात्र डोळ्यांपुढे आणा. ते झोपेतून उठतं, चाचपडत तांब्यापाशी जातं, घटाघटा पाणी पितं. पहाटे अंथरूण ओलं. घरात कुणीतरी म्हणतं, ‘झोपताना पाणी देऊच नका त्याला.’ अशा बऱ्याच मुलांच्या मूत्रपिंडांना लघवी दाट करता येत नाही. पाणी निघून जातं, कधी मीठही, आणि म्हणून तहान लागते. ते पाणी त्याच्या हक्काचं आहे. त्याला रागावू नका, तांब्या लपवू नका. मीठही आपल्या मनाने तोडू नका, डॉक्टरांना विचारा.

शेवटी त्याच्या आईकडे पाहा. ग्रहणात तिने विळी हातात धरली होती, पपई खाल्ली होती, असं कुणी ना कुणी तिला ऐकवलेलं असतं. मनातल्या मनात तिला स्पष्ट सांगा: ग्रहणाने मूत्रपिंड लहान होत नाही. कधी कारण जनुकांत असतं, कधी गर्भाची एकूण वाढच खुंटलेली असते. पुष्कळदा कारण सापडतच नाही. हे वाचणाऱ्या तुम्हीच ती आई असाल, तर एक श्वास फक्त यासाठी घ्या.

हात आता मांडीवर घ्या. एकच मूत्रपिंड लहान आणि दुसरं धडधाकट असेल, तर बहुतेक मुलं विशेष त्रासावाचून मोठी होतात. दोन्ही लहान असतील, तर लक्ष सतत ठेवावं लागतं: रक्तातलं क्रिएटिनिन, लघवीतली प्रथिनं, उंची-वजन. अंगदुखीला किंवा तापाला आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून देऊ नका. आणि पुढच्या तपासणीला जाल तेव्हा त्याचं बीपी मोजायला सांगा, तेही लहान मुलांच्या मापाच्या पट्ट्याने. भीड बाळगू नका, विसरले तर आठवण करून द्या.