पुस्तक आधी कुणापुढं?



आपला एक दोस्त आहे, नाशिकरोडचा. वय सव्वीस. त्याची पहिली कादंबरी दसऱ्याच्या तोंडावर छापून आली आणि तेव्हापासून गडी घरात सापडत नाही. आपल्या पुस्तकांचाही हंगाम असतो, कांद्यासारखा. दसऱ्याला दीक्षाभूमी, सहा डिसेंबरला दादर, एक जानेवारीला भीमा कोरेगाव, दोन मार्चला आपला काळाराम सत्याग्रहाचा दिवस, मग चौदा एप्रिल. हा सगळीकडं जाऊन आला. मधल्या दिवसांत पुणं, कोल्हापूर, कॉलेजांची स्नेहसंमेलनं, मोठ्या हॉटेलांतले साहित्य महोत्सव. खांद्यावर पुस्तकांचा गठ्ठा, खिशात एसटीची तिकिटं.

फेब्रुवारीत मी रात्रपाळी करून येत होतो, तर हा स्टेशनबाहेर चहा पीत उभा. डोळे लाल. म्हणाला, "पाच महिन्यांत एक ओळ लिहिली नाही. तीच गोष्ट तीस ठिकाणी सांगितली."

ती गोष्ट म्हणजे त्याच्या आईची. आई बंगल्यावर धुणीभांडी करायची. मालकिणीची अंगठी हरवली, तर आईला लुगडं झाडून दाखवायला लावलं. अंगठी नंतर बाथरूमातच सापडली. कादंबरीत हे अडीच पानं आहे. माइकवर बारा मिनिटं.

"आता मला ठाऊक झालंय कुठं थांबायचं," तो म्हणाला. "लुगडं शब्दाशी थांबलो की रुमाल निघतात. परवा मी थांबलो आणि रुमाल मोजले. तेव्हापासून झोप नाही."

मी त्याला लगेच काही बोललो नाही, कारण माझंही पाप आहे. बापाच्या खोकल्यावर माझी एक कविता आहे. कापसाची धूळ छातीत गेलेला बाप. तिसऱ्यांदा वाचताना मी शेवटी मुद्दाम खोकलो. टाळ्या पडल्या. घरी बाप खरा खोकत होता.

तर प्रश्न असा, की आपल्या माणसाचं दुःख घेऊन गावोगाव फिरणं ही चळवळ की दुकान?

पांढरपेशे म्हणतील, लेखकानं मागं राहावं, पुस्तकाला बोलू द्यावं. हे त्यांना परवडतं. छापखाना काकाचा, वर्तमानपत्र मामाचा, परीक्षण लिहिणारा वर्गमित्र. त्यांचं पुस्तक बसल्या जागी चालतं. आपलं पुस्तक खांद्यावर नेल्याशिवाय गावाबाहेर जात नाही. म्हणून फिरण्याला मी नावं ठेवणार नाही. पैशालाही नाही. मानधनाच्या पाकिटातून खोलीचं भाडं निघतं, रॉयल्टीतून चहा निघत नाही.

आणि फिरणं ही आपलीच परंपरा आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. तो आधी वाचून दाखवला, मुंबईत, पुण्यात, ठाण्यात, जुन्नरला, ओतूरला, हडपसरला. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनीही ऐकला. 'दीनबंधू'त नारायण मेघाजी लोखंड्यांनी सुरुवातीचा भाग छापला आणि पुढचा थांबवला. लोखंडे म्हणजे आम्हा गिरणीकामगारांचा पहिला पुढारी, १८८४ साली मिलहँड्स असोसिएशन काढणारा. तोही इथं कचरला, हे मला फार लागतं. फुले हयात असताना ते पुस्तक पूर्ण छापून निघालंच नाही. पण शेतकऱ्यानं ते ऐकलं होतं. छापण्याच्या आधी ऐकलं होतं.

दुसरे आपल्या जिल्ह्यातले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक. १९२२ चा जन्म. मुंबईत गिरणीत राबले, मोठेपणी अक्षरं गिरवली, आणि मग २००४ साली नाशकात डोळे मिटेपर्यंत गाणंच. खेड्यापाड्यांत, वस्त्यावस्त्यांत. किती वर्षांचा दौरा म्हणायचा हा? पण गाणं ज्याच्यावर, तोच समोर बसलेला. खोटं गायलं असतं तर म्हातारी उठून म्हणाली असती, दादा, असं नव्हतं.

इथंच गोम आहे. महोत्सवाच्या गारेगार हॉलमध्ये कोण उठणार? तिथल्या एकालाही ठाऊक नाही लुगडं झाडणं म्हणजे काय. त्यांच्याजवळ रडण्याशिवाय दुसरं काही नाही. रडणारा माणूस कधी साक्ष तपासत नाही. मग सांगणारा हळूहळू रडणाऱ्याच्या सोयीनं सांगायला लागतो. त्याला कळतसुद्धा नाही.

दया पवारांचं 'बलुतं' १९७८ ला आलं तेव्हा आपलीच शिकलेली माणसं चिडली होती, घरची घाण चव्हाट्यावर आणली म्हणून. मी आजवर त्यांना हसत आलो. आता अर्धाच हसतो. त्यांची लाज खोटी होती, पण हक्क खरा होता. गोष्ट त्यांचीही होती. दया पवारांना हे कळत असावं असं मला वाटतं. म्हणून तर त्या पुस्तकात दगडू आणि दया असे दोन होतात आणि एक दुसऱ्याचं ऐकून घेतो.

पण वस्तीची परवानगी काढून लिहायचं म्हटलं तर काहीच लिहून होणार नाही. आपल्यातला दारुडा आपल्यातल्याच बाईला मारतो, ते लिहायला परवानगी कोण देईल? तोच मारणारा? तेव्हा परवानगी नको. हजेरी पाहिजे. ज्याचं घेतलं त्याच्यापुढं पुस्तक एकदा उभं राहिलं पाहिजे, मग खुशाल विमानानं जावं.

मी दोस्ताला विचारलं, "आईला वाचून दाखवलंस?"

"तिला वाचता येत नाही."

"म्हणून तर विचारतो."

गप्प झाला. मग म्हणाला, "तिला वाईट वाटेल." तीस गावांना सांगताना तिला वाईट वाटेल हे सुचलं नव्हतं.

एका रविवारी वाचलं. त्याच्याच खोलीत. शेजारच्या चारपाच बायका आल्या, पोरं दारात. आई भिंतीला टेकून ऐकत होती. मधेमधे हसली सुद्धा, बापाच्या दारूचा भाग आला तेव्हा. मग ती अडीच पानं आली. पुस्तकातली आई लुगडं झाडते, मोरीत जाऊन रडते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला जाते.

आई म्हणाली, "म्या कुठं रडले? म्या तिला म्हणलं, आता तू बी झाड. तुझ्या घरात मीच येकली नाय. आन् पगार घेऊन निघाले. परत गेलेच न्हाई."

एक शेजारीण म्हणाली, "व्हय, मी होते की फाटकाशी."

दोस्त पांढराफटक. कुठून आणलं होतं ते रडणं? म्हणाला, लिहिताना आपोआप आलं. आपोआप म्हणजे कुठून? बाई रडून गप्प बसली की वाचणाऱ्याला बरं वाटतं, हे आपण त्यांचीच पुस्तकं वाचून शिकलोय.

पुढच्या आठवड्यात पुण्याला कार्यक्रम होता. तिथं त्यानं आईनं सांगितलं तसं सांगितलं. रुमाल निघाले नाहीत. नंतर एक गृहस्थ भेटून म्हणाले, हा भाग जरा अतिरंजित वाटला.

दुसरी आवृत्ती निघायचीय. पान बदलायचं का, यावर आम्ही दोन रात्री भांडलो. मी म्हणतो, बदल. तो म्हणतो, कादंबरी म्हणजे पंचनामा नव्हे; माझ्या पुस्तकातली बाई माझ्या आईहून वेगळी असू शकते, आणि मोरीत रडलेल्या आयासुद्धा हजारो आहेत, त्यांना मी का खोडू? याला माझ्याकडं पुरतं उत्तर नाही. मी एवढंच म्हटलं, मग माइकवर तिला माझी आई म्हणू नको. तो म्हणाला, मग मला बोलावणार कोण?

तुमचं काय म्हणणं ते कळवा. अंकाच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकलं तरी चालेल. प्रुफं एप्रिलअखेर जायचीत.