कलेजीचा भाव

२०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेनं थायलंडच्या मालावर ३६ टक्के आयातकराची घोषणा केली आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत तो १९ टक्क्यांवर आणला. मधल्या घासाघिशीत अमेरिकेच्या मागण्यांमध्ये तिकडच्या डुकराच्या मांसाला थायलंडचा बाजार उघडण्याचा विषय पुन्हा पुढे आला. मागणी जुनीच आहे. २०२० च्या अखेरीस याच कारणावरून ८१ कोटी ७० लाख डॉलर किमतीच्या थाई मालाची करसवलत अमेरिकेनं काढून घेतली होती. थाई वराहपालकांनी तेव्हाही विरोध केला आणि आताही केला. त्यावर आपल्याकडच्या एका अर्थतज्ज्ञांनी एक लेख लिहिला. त्यांचं लिखाण मी अनेक वर्षं आदरानं वाचत आले आहे, म्हणूनच हे उत्तर लिहायला बसले. त्यांचं म्हणणं असं की चव ही सवय असते आणि सवय भावापुढे वाकते. स्वस्त मांस आलं तर गरीब थाई माणसाच्या ताटात प्रथिनं वाढतील. स्थानिक मांसाचा अभिमान हा बड्या उत्पादकांनी पांघरलेला बुरखा आहे. या संबंध लेखात एकही थाई माणूस जेवताना दिसत नाही, आणि माझा राग तिथून सुरू होतो.

आधी रॅक्टोपामिनचा मुद्दा हातावेगळा करते, कारण दोन्ही बाजूंनी त्याच्याआड फार लपणं झालं आहे. डुकराच्या अंगात चरबी कमी आणि मांस जास्त धरावं म्हणून खाद्यात घालायचं हे औषध. अमेरिकेत त्याला १९९९ पासून परवानगी आहे, थायलंडमध्ये बंदी आहे. २०१२ साली आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगानं त्याची कमाल मर्यादा ६९ विरुद्ध ६७ मतांनी मंजूर केली. दोन मतांनी सुटलेल्या प्रश्नाला शास्त्राचा निकाल म्हणणं मला पटत नाही. पण पुढे अमेरिकेतल्या मोठ्या मांसकंपन्यांनीच चीनच्या बाजारासाठी आपल्या कळपांतून ते बंद केलं, आणि थायलंडमध्ये बंदी असूनही याच जातीची औषधं चोरून वापरणारे पालक पकडले गेले आहेत. म्हणजे परदेशी विषारी आणि देशी शुद्ध ही मांडणी टिकत नाही. वराहपालकांच्या संघटनांनी सगळा भर तिच्यावर दिला, आणि त्यांची खरी बाजू झाकली गेली.

ती खरी बाजू कलेजीत आहे. आमचे अर्थतज्ज्ञ ‘मांस’ हा एकच माल धरतात आणि दोन देशांतला किलोचा उत्पादनखर्च शेजारी शेजारी मांडतात. पण डुक्कर म्हणजे एक माल नव्हे. अमेरिकेत मका आणि सोयाबीन दाराशी पिकतं, त्यामुळे जनावर वाढवणं स्वस्त पडतं, हे खरं. शिवाय तिथला उत्पादक कंबर, मांडी आणि पोटाकडचं मांस विकून खर्चाचा मोठा भाग भरून काढतो. कलेजी, आतडी, फुप्फुस, डोकं, पाय यांना तिथे गिऱ्हाईक थोडं. मिळेल त्या भावाला ते बाहेर पाठवलं तरी त्याचं काही बुडत नाही. थायलंडमध्ये हेच अवयव खपतात. सकाळच्या तांदळाच्या पेजेत कलेजीचे काप असतात, गुंडाळीच्या शेवयांच्या मिरपुडी रश्श्यात आतडी आणि जठर असतं, रक्ताच्या घट्ट वड्यांचं सूप न्याहारीला चालतं, भाजलेली आतडी रस्त्यावर विकली जातात. थाई पालकाचा हिशेब पूर्ण जनावरावर बसतो, त्यात कलेजीचा भाव धरलेला असतो. तिकडची जवळजवळ टाकाऊ कलेजी इकडे उतरली तर तो भाव पडेल आणि मांडीचं मांस महाग होईल, कारण खर्च कुठून तरी भरून निघायला हवा. ‘स्वस्त मांस’ येण्याची ही वाट आहे. वजडी, मुंडी आणि रक्तीचा भाव ज्यांना ठाऊक आहे त्या महाराष्ट्रातल्या लेखकाला हे दिसू नये याचं मला वाईट वाटतं.

गोमांसाची गोष्ट वेगळी, आणि ‘थाई लोकांची आवड’ असं सरसकट बोलणाऱ्यांनी ती नीट बघावी. चिनी वंशाच्या अनेक थाई घरांत गोमांस येतच नाही, कारण गुआनयिन देवीचे भक्त ते वर्ज्य मानतात. मध्य थायलंडच्या पुष्कळ शेतकरी कुटुंबांत नांगराच्या जनावराची कृतज्ञता म्हणून ते टाळलं जाई. ईशान्येकडच्या इसान भागात मात्र गोमांसावर जीव आहे. ते कशासाठी हवं असतं हे उडोन थानीच्या भल्या पहाटेच्या बाजारात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. रात्री कापलेलं मांस पहाटे पत्र्याच्या टेबलावर येतं, बर्फ लागलेला नसतो. घ्यायला आलेली बाई तुकडा बोटाच्या टोकानं दाबते, रंग बघते, कधी कापलं ते विचारते. मग मागते पित्त. विकणारी एका इवल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत काळपट हिरवं पित्त ओतून वर रबर गुंडाळते. घरी चिंचेच्या लाकडाच्या ओंडक्यावर जड सुरीनं मांसाचा खिमा होतो. आपल्याकडचे खाटीकही हेच लाकूड वापरतात, त्याच्या भुश्याचा दर्प मांसाला लागत नाही. खिम्यात भाजलेल्या चिकट तांदळाची भरड, तिखट, छोटे कांदे, पुदिना पडतो आणि शेवटी पित्ताचे थेंब. हा कडू लाप. काही घरांत त्यात आतड्यातला अर्धवट पचलेल्या चाऱ्याचा रसही घालतात, आणि त्याची कडू गोडी मुरलेला माणूस दुसऱ्या कशावर समाधान मानत नाही.

ऑस्ट्रेलियाशी मुक्त व्यापाराचा करार २००५ मध्ये लागू झाला आणि तिकडच्या गोमांसावरचा कर टप्प्याटप्प्यानं उतरत गेला. बँकॉकमध्ये भट्टीवर भाजायला, पातळ कापांनी उकळत्या रश्श्यात बुडवायला हे मांस उत्तम. जपानी वाग्यूच्या मागे तिथला मध्यमवर्ग आनंदानं धावतो, आणि त्यात कसला न्यूनगंड मला दिसत नाही. गोठवलेल्या खोक्यात पित्त मात्र येत नाही. आजच्या कापणीची ऊब येत नाही. देशी रोड बैलाचा खिमा कच्चा खाण्याजोगा असतो तो त्याच्यात चरबी नसते म्हणून. परदेशी चरबीदार मांसाचा लाप टाळूला मेणासारखा चिकटतो. एकच माणूस शनिवारी ऑस्ट्रेलियन मांस भाजतो आणि रविवारी गावाकडे देशी बैलाचा लाप खातो, दोन्ही वेळा तो शुद्धीवर असतो. आवड पदार्थाला चिकटलेली असते, देशाला चिकटवायचं काम वाटाघाटी करणारे करतात. कच्च्या मांसाची तरफदारी मी करत नाही. उत्तर थायलंडमध्ये कच्च्या डुकराच्या मांसातून होणाऱ्या स्ट्रेप्टोकोकसच्या आजारानं माणसं कायमची बहिरी झाली आहेत, आणि शिजवून खा असं सांगणारे तिथले डॉक्टर योग्यच सांगतात. शिजवलेल्या लापातही पित्त लागतंच.

आता स्टॅन्ली तांबियांकडे येते. या वादात एकाच माणसाचं ऐकायचं झालं तर मी त्यांचं ऐकेन. श्रीलंकेतल्या तमिळ कुटुंबात १९२९ साली जन्मलेले हे मानववंशशास्त्रज्ञ साठच्या दशकाच्या सुरुवातीला उडोन प्रांतातल्या बान फ्रान मुआन या गावात राहिले. पुढे केंब्रिज आणि मग हार्वर्डला शिकवलं, २०१४ साली वारले. १९६९ मध्ये त्यांनी या गावातल्या प्राण्यांवर एक निबंध लिहिला. कोणता प्राणी खायचा, कोणता नाही, कधी आणि कोणाचा, या नियमांची यादी करून ते थांबले नाहीत. लाकडी खांबांवरच्या घराची रचना आणि सोयरिकीचे नियम त्यांनी त्या यादीशेजारी ठेवून पाहिले. तिन्ही एकाच रेषेत येतात असं त्यांच्या लक्षात आलं. म्हैस झोपायच्या खोलीखाली बांधतात, म्हणजे ती घरातली. बौद्ध उपोसथाच्या दिवशी तिला जुंपायचं नाही. कुत्रं घरात वावरतं, पण खाणं निषिद्ध. माकड माणसासारखं दिसतं म्हणून नको. दूर रानातले वाघ, साप हेही नकोत. खाण्याजोगे ते, जे फार जवळचे नाहीत आणि फार दूरचेही नाहीत.

त्यातला एक नियम मला वारंवार आठवतो. घरच्या विधीला घरात वाढवलेलं जनावर कापायचं नाही, ते दुसऱ्या घरून आणायचं. तांबियांनी याला सोयरिकीच्या नियमाशेजारी बसवलं, कारण सून जशी आपल्या घरातली नसते आणि अगदी परक्या मुलखातलीही सहसा नसते, तसं हे मांस. केंब्रिजमधले त्यांचे सहकारी एडमंड लीच यांनी १९६४ मध्येच प्राण्यांच्या जवळिकीचा आणि नात्यांच्या जवळिकीचा असा मेळ मांडला होता. लीच यांची मांडणी इंग्रजांच्या घरातून निघाली आणि वाचताना तर्कशुद्ध वाटते. तांबियांची एका खऱ्या घराखालच्या चिखलातून निघाली, म्हणून मी ती जास्त मानते. मार्विन हॅरिससारखे जडवादी याला फुकटचा अलंकार म्हणतील. त्यांच्या लेखी प्रत्येक निषेधामागे चारा, श्रम आणि उष्मांकांचा हिशेब असतो. नांगराची म्हैस न कापण्यात तो हिशेब असेलही. पण स्वतःच्या विधीला स्वतःची म्हैस न कापता शेजाऱ्याची विकत घेण्यात उष्मांकांचा कोणता फायदा आहे, हे त्या रीतीनं सांगता येत नाही. फायदा नात्याचा आहे. दोन घरं एकमेकांना बांधील होतात. जनावर आजारी होतं का, काय खात होतं, कशानं मेलं, याचं उत्तर देणारा माणूस चार खांबांपलीकडे राहतो.

इथवर लिहिताना मी वराहपालकांच्या बाजूनं उभी होते. तांबियांनी मला तिथून हलवलं. त्यांच्या गावाची मोजपट्टी लावली तर आजच्या बँकॉकमधलं ‘स्थानिक’ डुक्कर कुठे बसतं? त्याची जात परदेशी संकरातून आलेली, त्याच्या खाद्यातला सोयापेंड बहुतांशी आयात सोयाबीनचा. ते वाढवणारा पालक अनेकदा कंपनीच्या करारावर. १९२१ मध्ये बियाण्यांच्या दुकानापासून सुरू झालेला छारोएन पोकफान समूह आज खाद्य, पिल्लं, फार्म आणि कत्तलखाना सांभाळतो. देशभरची सेव्हन-इलेव्हन दुकानं, माक्रो आणि लोटस याच समूहाकडे आहेत. बड्या उत्पादकांविषयीचा आमच्या अर्थतज्ज्ञांचा मुद्दा इथे खरा ठरतो आणि तो मी पूर्ण मान्य करते. देशी गोमांसाचा अभिमानही निर्मळ नाही. सकोन नखोनची पोन यांग खाम सहकारी संस्था १९८० मध्ये फ्रेंच मदतीनं उभी राहिली, आणि तिचं नावाजलेलं मांस शारोले वंशाच्या संकराचं आहे. कासेतसार्त विद्यापीठानं घडवलेल्या कम्फेंग सेन गायीत निम्मं रक्त शारोलेचं, पाव ब्राह्मण नावाच्या गोवंशाचं आणि उरलेलं पावच देशी. तरीही पोन यांग खामला मी स्थानिक म्हणेन. पालक सभासद आहे, जनावर कोणाच्या गोठ्यातून आलं हे संस्थेला माहीत असतं, आणि तक्रार करायला दार आहे. वंशापेक्षा मला हे दार महत्त्वाचं वाटतं.

हे दार नसलं की काय होतं ते थायलंडनं नुकतंच भोगलं. आफ्रिकन स्वाइन फीव्हर देशात असल्याची कुजबुज बराच काळ होती. अधिकृत कबुली आली जानेवारी २०२२ मध्ये, नाखोन पथोमच्या एका कत्तलखान्यातल्या नमुन्यात विषाणू सापडल्यावर. तोवर छोट्या पालकांचे गोठे रिकामे झाले होते. मांसाचा भाव किलोला दोनशे बाथच्या वर गेला. त्या पोकळीत चोरटं मांस शिरलं. २०२३ मध्ये लाएम चबांग बंदरात गोठवलेल्या डुकराच्या मांसाचे १६१ कंटेनर पडून असलेले सापडले, आणि ते कोणाचे हे शोधायला विशेष तपास यंत्रणा लावावी लागली. दूरचं मांस अनामिक होतं हे तर दिसलंच. पण जवळच्या मांसाबद्दलही सरकार आणि बडे उत्पादक गप्प राहू शकतात, आणि तेव्हा शेजारी असूनही ते तितकंच परकं होतं. म्हणून करारात मला कलेजी आणि इतर अवयवांना वेगळी ओळ हवी. मांसाची थोडी आयात होऊ दे, अवयवांची नको. त्यासोबत कंपनीच्या करारावरच्या पालकाला रोगाची बातमी उघड सांगितल्याबद्दल शिक्षा होणार नाही अशी हमी हवी. फक्त पहिली गोष्ट मागणाऱ्या संघटनांना माझा पाठिंबा अर्धाच आहे.

आमचे अर्थतज्ज्ञ हे सगळं तिऱ्हाइताच्या तटस्थतेनं लिहितात, आणि त्यांच्याशी माझं शेवटचं भांडण त्यावरून आहे. आपण तिऱ्हाईत नाही. गोठवलेल्या म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत भारत जगात आघाडीवर आहे, आणि उत्तर प्रदेशाखालोखाल त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा. २०१५ च्या दुरुस्तीनं राज्यात बैल आणि वळू कापायला बंदी झाली, म्हैस त्यातून सुटली. खोक्यात भरलेलं बिनहाडाचं मांस न्हावा शेवाहून निघतं आणि मलेशिया, व्हिएतनामपर्यंत जातं. भारतीय म्हशीचं मांस चोरवाटेनं थायलंडमध्ये येतं आणि देशी गोमांस म्हणून खपवलं जातं, त्यानं आमच्या बैलांचा भाव पडतो, ही थाई गोपालकांची तक्रार कित्येक वर्षांची आहे. रश्श्यात सोडलेल्या मांसाच्या गोळ्यात ते ओळखायला खाणाऱ्यापाशी काही साधन नाही. त्यातलं किती विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या गोठ्यातून गेलं हे उडोनच्या पालकाला कोणाला विचारता येणार नाही. आपल्याला येईल. निर्यातदार इथले आहेत, परवाने इथे मिळतात, म्हैस विकणारा शेतकरी आपल्याच तालुक्यातला आहे. व्हिएतनामला पाठवलेलं खोकं पुढे कुठे गेलं याची नोंद ठेवण्याची सक्ती निर्यातदारावर असावी, ही मागणी मुंबईत बसून करता येण्यासारखी आहे. थाई वराहपालकांना बाजाराचे धडे देणाऱ्या लेखकानं ती एकदा तरी केली असती, तर हा लेख लिहायची मला गरज पडली नसती.