सोंग वठलं की नाही, तेवढंच बोला

मालवणच्या जेटीवरून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यात गेलात की आत श्रीशिवराजेश्वराचं, म्हणजे शिवाजी महाराजांचं मंदिर लागतं. राजाराम महाराजांनी ते १६९५ साली बांधलं, असं सांगितलं जातं. मूर्ती वीरासनात बसलेली आहे. तिला दाढी नाही, आणि डोक्यावर कोळ्याच्या टोपीसारखं शिरस्त्राण आहे. म्हणजे खुद्द मुलाने बांधलेल्या देवळातले महाराज आपल्या कॅलेंडरातल्या महाराजांसारखे दिसत नाहीत. उद्या एखाद्या दिग्दर्शकाने नेमक्या याच रूपात नट उभा केला, तर पोस्टर झळकल्यापासून तासाभरात आपण त्याला माफी मागायला लावू. आणि माफी मागा म्हणून ओरडणाऱ्यांतले कितीतरी जण याच मूर्तीपुढे हात जोडून आलेले असतील.

‘फर्जंद’पासून ‘सुभेदार’पर्यंत, २०१८ ते २०२३ या काळात, दिग्पाल लांजेकरांच्या चित्रपटांत चिन्मय मांडलेकरांनी महाराज साकारले. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या, थिएटरात घोषणा दिल्या. एप्रिल २०२४ मध्ये मांडलेकरांनी जाहीर केलं की यापुढे ही भूमिका करणार नाही. अभिनय कमी पडला म्हणून नव्हे. त्यांनी आपल्या मुलाला ठेवलेल्या नावावरून त्यांच्या बायकोला आणि त्या पोराला शिवीगाळ सुरू झाली होती. नाव कोणतं, ते इथे लिहिण्याचं कारण नाही. त्या पोराने कोणाचं काही बिघडवलेलं नाही. महाराजांच्या नावाने एका आईला शिव्या घालणाऱ्यांनी महाराजांचं कोणतं चरित्र वाचलं होतं, हे मात्र एकदा विचारायला हवं.

हा रोग जगभर आहे. हीथ लेजरला जोकरची भूमिका मिळाल्याचं २००६ साली जाहीर झालं, तेव्हा बॅटमॅनच्या चाहत्यांनी त्याची टर उडवली. त्याच भूमिकेसाठी त्याला ऑस्कर मिळालं, पण तोवर तो हयात नव्हता. ‘थॉर’मध्ये नॉर्स पुराणातल्या एका देवाचं काम इद्रिस एल्बा या कृष्णवर्णीय नटाने केलं, तर त्याच्या कातडीच्या रंगावरून बहिष्काराची हाक दिली गेली. कोणी म्हणेल, ती पात्रं कागदावरची, आमचे महाराज खरे, तुलना कशाला? बरोबर आहे. पण माणूस जितका मोठा, तितकं त्याच्या नावाने बोलणाऱ्याचं तोंड जास्त सांभाळलेलं असायला हवं.

टीका करू नये, असं मी म्हणत नाही. २०२२ च्या डिसेंबरात महेश मांजरेकरांच्या चित्रपटातलं अक्षय कुमारचं शिवाजी महाराजांचं पहिलं दर्शन आलं आणि मागच्या झुंबरात विजेचे बल्ब दिसले. लोकांनी ते पकडलं, हसले. चांगलं केलं. सतराव्या शतकात बल्ब दाखवणाऱ्याला जाब विचारायलाच हवा. नटाची देहबोली जमत नाही, मराठी कानाला खटकतं, हेही खुशाल म्हणा. हे सगळं कामाबद्दलचं बोलणं झालं. नटाची जात, धर्म, त्याचं घर, त्याची पोरं यांचा त्या कामाशी काय संबंध?

हे शहाणपण शिकायला आपल्याला कुठे लांब जायला नको. कार्तिकापासून सिंधुदुर्ग जिल्ह्यात गावोगाव जत्रा सुरू होतात आणि देवळासमोर रात्रभर धयकालो, म्हणजे दशावतार रंगतो. रंगमंचावर सामान काय, तर एक बाकडं. तेच सिंहासन, तेच कैलास पर्वत. संवाद लिहिलेले नसतात. कथा ठरते आणि नट उभ्या उभ्या बोलत जातात. स्त्रीपार्टी करणारा पुरुष पेटाऱ्यापाशी बसून स्वतःचं तोंड रंगवतो, लुगडं नेसतो आणि द्रौपदी होऊन येतो, तेव्हा समोरच्या म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावतात. विष्णू आला की हात जोडले जातात. त्या विष्णूचं आडनाव काय, घरी कोण कोण आहे, याची चौकशी कोणी करत नाही. पहाटे दहीकाला फुटतो, रंग उतरतो आणि कालचा विष्णू सामान उचलून पुढच्या गावाची वाट धरतो. रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा, असं इथे म्हणतातच. रात्री कंस झाला म्हणून सकाळी त्याला कोणी चहा नाकारत नाही.

चुकलं तर मात्र दशावताराचा प्रेक्षक सोडत नाही. राजपार्टी शब्दात अडकली, की पुढच्या रांगेतून मालवणीत असा टोमणा येतो की नटाला जन्मभर पुरावा. तो टोमणा सोंगाला असतो.

अर्थात आपलं सगळंच सोवळं नाही. आता महिलांची मंडळंही दशावतार करू लागली आहेत. पुरुषाने द्रौपदी केली तर डोळे पुसायचे आणि बाईने कंबरेला तलवार लावून राजपार्टी केली तर गालात हसायचं, हा कुठला न्याय? पिढ्यान् पिढ्या पुरुषांत सीता पाहणाऱ्या डोळ्यांना बाईत राम दिसायला काहीच हरकत नसावी. नाटक संपल्यावर ती बरी बोलली का, लढाई नीट झाली का, यावर खुशाल भांडा.

दिलीप प्रभावळकरांनी ‘झपाटलेला’त तात्या विंचू केला आणि ‘लगे रहो मुन्नाभाई’त गांधीजी. तात्या विंचूच्या नटाने गांधी केला, बापूंचा अपमान झाला, अशी आरोळी उठली नाही. त्या गांधीजींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या ‘दशावतार’ चित्रपटात, वयाची ८१ वर्षं पूर्ण झालेली असताना, तेच नायक होते आणि लोकांनी थिएटरं भरली. नटाला मोकळं सोडलं की काय मिळतं, ते यातून दिसतं.

अस्मिता दाखवायचीच असेल तर इथे कामांची वाण नाही. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरच्या महाराजांच्या पुतळ्याचं ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. कोसळल्यावर आपण सगळेच संतापलो. त्याआधी, खाऱ्या वाऱ्यात नटबोल्ट गंजत होते तेव्हा, नटांच्या दाढीमिशा मोजणाऱ्यांपैकी किती जणांनी बांधकाम खात्याला एक अर्ज लिहिला?

तेव्हा पुढच्या वेळी महाराजांची, रामाची, नाहीतर कुठल्या परदेशी सुपरहिरोची भूमिका कोणाला मिळाली अशी बातमी आली, तर मोबाईल जरा खाली ठेवा. आधी चित्रपट येऊ द्या. तिकीट काढून बघा, पटला नाही तर त्या कामाची सालटी काढा. पण त्या माणसाच्या उंबरठ्याच्या आत पाय टाकू नका, आणि आपल्या पोरांनाही टाकू देऊ नका.